धाप लागेपर्यंत

कोल्हापूर

चि. सौ. बेबी,

‘व्यायामाला सवड कोठून आणू’ ही तुझी कैफियत वाचली. घर, कचेरी आणि सासूबाईंचे औषधपाणी सांभाळून पन्नाशीत आलेल्या बाईची ती तक्रार खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु तासभर सलग मोकळीक मिळाल्याखेरीज देहासाठी काही करताच येत नाही, असा जो निकाल तू परस्पर देऊन टाकलास, तो मला मान्य नाही.

सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधील, नियमित व्यायाम न करणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या मनगटांवरील मापकयंत्रांच्या नोंदी तपासून 2024 च्या डिसेंबरात जो तपशील प्रसिद्ध केला, त्यात जिना भरभर चढणे, ओझे घेऊन झपाट्याने चालणे अशा, मिनिटभरात आटोपणाऱ्या श्रमांची रोजची बेरीज ज्यांची सरासरी 3.4 मिनिटे भरली त्या स्त्रियांत, असे श्रम मुळीच न करणाऱ्यांच्या मानाने, हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण 51 टक्क्यांनी व हृदय दुर्बल होण्याचे 67 टक्क्यांनी कमी आढळले. पुरुषांत हा लाभ इतका स्पष्ट नव्हता. अर्थात हे निरीक्षण आहे, कार्यकारणाची सिद्धता नव्हे. तरीही रजोनिवृत्तीनंतर रक्तवाहिन्या ताठर होतात आणि मेद पोटाभोवती व यकृतात साचू लागतो, त्या वयात राबलेला स्नायू रक्तातील साखर ओढून घेतो व स्वादुपिंडावरचाही भार हलका करतो, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या आकड्यांचे फारसे नवल वाटत नाही.

आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधले, पेठोपेठी तालमी नांदल्या. पण जोर-बैठकांचा तो सारा सरंजाम पुरुषांचा. बायकांच्या वाट्याला टेंबलाईची टेकडी आली. आषाढात पंचगंगेचे नवे पाणी डोक्यावर घेऊन, पी-ढबाक वाद्यांच्या गजरात, पदर खोचून ओल्या पायऱ्या चढणाऱ्या बायका तू पाहिल्याच आहेस: वर पोहोचल्यावर त्यांना हसता येते, पण सलग वाक्य बोलवत नाही. श्रम पुरेसे झाले की नाही, याची हीच खूण तुला पुरे. यंत्राची गरज नाही.

तेव्हा कचेरीचे दोन मजले रोज पायी, आणि झपाट्याने चढावेस. आधी मात्र डॉक्टरांकडून रक्तदाब व साखर तपासून घे, आणि पहिले काही दिवस एकाच मजल्यावर थांब. छातीत दडपण आले, जबड्यात किंवा पाठीत कळ उठली, तर आपल्या घराण्याच्या दस्तुराप्रमाणे पित्त समजून सोडा पिऊन पडू नकोस, तडक दवाखाना गाठ. गुडघे कुरकुरत असतील तर उतरताना लिफ्ट वापरण्याची मुभा आहे.

तुझी
आत्या