हाडाने धरून ठेवलेला धातू

स्वीडनमधील लुंड या विद्यापीठाच्या गावी १९५२ साली पेर-इंगवार ब्रोनेमार्क हा तरुण संशोधक एका प्रयोगात गढून गेला होता. जिवंत हाडातून रक्त कसे वाहते, हे त्याला प्रत्यक्ष पाहावयाचे होते. त्यासाठी त्याने टायटॅनियम धातूची एक चिमुकली डबी करविली, तीत भिंग बसविले आणि ती सशाच्या पायाच्या हाडात रोवून तो सूक्ष्मदर्शकातून निरीक्षण करू लागला. असे कित्येक महिने लोटले. प्रयोग संपल्यावर ती महागडी डबी पुन्हा वापरावी, म्हणून तो ती काढावयास गेला. पण डबी जागची हलेना! हाड धातूला असे बिलगले होते की, दोहोंना विलग करणे अशक्य झाले. डबी वाया गेली म्हणून तो क्षणभर हळहळलाही असेल. पण असे का झाले, हा प्रश्न त्याने सोडला नाही.

परकी वस्तू दूर लोटणे हा शरीराचा स्वभावच आहे. पायात मोडलेल्या काट्याभोवती पू धरतो, तो याचमुळे. हाडात बसविलेल्या इतर धातूंभोवती बहुधा मऊ तंतूंचे आवरण तयार होई आणि कालांतराने ते सैल पडत. टायटॅनियमची गोष्ट निराळी. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. ओरखडा पडला, तरी तो थर क्षणात भरून येतो. रक्तातील क्षारांनी लोखंड गंजते. टायटॅनियम मात्र या कवचामुळे सुरक्षित राहते. हाडाच्या पेशी त्या थरावर खुशाल वाढतात. शिवाय हा धातू पोलादाहून सुमारे चाळीस टक्के हलका!

१९६५ साली गोथेनबर्ग येथे यस्टा लार्सन नावाचा रुग्ण ब्रोनेमार्क यांच्याकडे आला. त्याची टाळू जन्मतः दुभंगलेली होती आणि खालच्या जबड्यात दात नव्हते. चावणे कष्टाचे, बोलणेही कष्टाचे. ब्रोनेमार्क यांनी त्याच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसविले. हाडाने ते धरीपर्यंत काही महिने वाट पाहिली आणि मगच त्यांवर दात जडविले. २००६ साली लार्सन मृत्यू पावला, तोपर्यंत ते स्क्रू त्याला साथ देत होते.

तथापि दंतवैद्यांचा विश्वास सहजासहजी बसला नाही. ब्रोनेमार्क स्वतः दंतवैद्य नव्हते, हेही त्याचे एक कारण असावे. अखेर १९८२ साली कॅनडातील टोरांटोच्या परिषदेत त्यांनी अनेक वर्षांच्या नोंदी पुढे ठेवल्या, तेव्हा जगाचे मत पालटले. आज दातांप्रमाणेच खुब्याच्या कृत्रिम सांध्यांतही हा धातू वापरतात.

टायटॅनियम दुर्मीळ नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतील इल्मेनाइट या खनिजातही तो आहे. परंतु खनिजातून शुद्ध धातू काढणे फार खर्चाचे काम; म्हणून एकदा हाती आलेला धातू कोणी वाया दवडीत नाही. तो १६६८ अंश सेल्सिअसला वितळतो. दहनभट्टीची आच तितकी नसते. युरोपातील काही देशांत दहनानंतर राखेत उरलेले खुबे व स्क्रू निवडून घेतात. पुढे ते कारखान्यात वितळवितात आणि त्यांचा धातू विमानांच्या किंवा मोटारींच्या भागांत नव्याने कामास येतो.