पाणी उचलू नका, नूडल्स उचला

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या पिंपळगाव राजाच्या घरी नणंदांची, भावांची पोरं जमतात. दुपार कलली की सगळ्यांचा एकच धोशा असतो, नूडल्स करा. भाजी चिरेपर्यंत पाणी उकळतं, फोडणी पडेपर्यंत नूडल्स शिजतात आणि सगळ्या घराचं खाणं होऊन जातं. पदार्थाबद्दल माझी काही तक्रार नाही. काळजी आहे ती पातेलंभर उकळत्या पाण्याची, जे आपण घाईत उचलून मोरीकडे नेतो.

एका सुट्टीत जाऊबाई असंच पातेलं फडक्याने धरून निघाल्या. फडकं ओलं होतं. कोरडं फडकं ऊब अडवतं, पण ओल्यातून ती क्षणात हाताला भिडते. त्यांच्या बोटांना चटका बसला, पातेलं कललं आणि मागे घुटमळणाऱ्या पुतण्याच्या दंडावर पाणी सांडलं. पाणी ओघळून गेलं, पण नूडल्स कातडीला चिकटून बसल्या आणि भाजत राहिल्या. पिठाळ पाणीही साध्या पाण्यासारखं चटकन निथळत नाही.

आरडाओरडा ऐकून गल्ली गोळा झाली. कुणी हळद आणली, कुणी टूथपेस्ट. शेजारच्या काकू कळवळून म्हणत होत्या, "पानी नोको टाकू बाई, फोड येईन!" सासूबाईंनी कुणाचंच ऐकलं नाही. त्यांनी नूडल्स झटकल्या, सदरा काढला आणि पोराला रांजणापाशी बसवलं. गच्चीवरच्या टाकीचा नळ त्यांनी मला सोडू दिला नाही, कारण मे महिन्यात आपल्याकडे त्या नळाला गरम पाणीच येतं. मी तांब्यामागून तांब्या ओतत राहिले. पोरगं थरथरायला लागलं, तशी त्याच्या बाकी अंगावर चादर टाकली. डॉक्टरांनी दंड पाहिला आणि म्हणाले, पाण्यामुळे जखम खोल गेली नाही. आज तिथे फिकट डाग आहे, तेवढाच.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. शिकागो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2010 ते 2020 या काळात त्यांच्याकडे आलेली, गरम पदार्थ किंवा पाण्याने पोळलेली मुलं मोजली. त्यातली 31 टक्के झटपट नूडल्समुळे पोळली होती. मुलांची कातडी पातळ असते. मोठ्याला नुसता चटका देणारं पाणी लहानग्याला खोल भाजतं.

म्हणून आमच्या घरात आता नूडल्सचं पातेलं जागचं हलत नाही. सुट्या हक्का नूडल्स शिजल्या की गॅस बंद करायचा आणि झाऱ्याने किंवा लांब चिमट्याने नूडल्स शेजारच्या चाळणीत काढायच्या. पाणी तिथेच निवू द्यायचं आणि नंतर फेकायचं. मसाल्याच्या पाकिटातल्या नूडल्सना तर मापाचंच पाणी लागतं, त्या वेळायचं कारणच नाही.

आणि खरं सांगू का, सगळ्यात निर्धास्त पदार्थ आपल्या डब्यातच आहे. उन्हाळ्यात बाजेवर चादर अंथरून वाळवलेल्या गव्हाच्या शेवया. त्या तेलावर तांबूस भाजून बाजूला काढायच्या. मोहरी, जिरं, कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता, शेंगदाणे यांची फोडणी करायची. गाजर-मटार असले तर घालायचे. वाटीभर शेवयांना साधारण दीड वाटी पाणी उकळायचं, मीठ घालून शेवया सोडायच्या आणि मंद आचेवर झाकण ठेवायचं. पाणी सगळं आत जिरतं, फेकायला थेंब उरत नाही. शेवया जाड असतील तर पाणी थोडं वाढवा. वरून कोथिंबीर आणि लिंबू. मुलं हेही आवडीने खातात, हवं तर थोडा टोमॅटो सॉस द्या.

शेगडी जमिनीवर ठेवण्याची सवयही सोडायला हवी. गॅस आला, तरी कित्येक घरांत ती चुलीच्याच जागी, रांगत्या पोराच्या हाताला लागेल अशी असते. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी, हा सुरक्षेचा नियमच आहे. ओटा नसेल तर भक्कम लोखंडी टेबल करा. भांड्याचा दांडा भिंतीकडे वळवा.

आणि तरीही कुणी भाजलंच, तर हे करा. आधी कपडा, कडं, बांगडी काढा. चिकटलेला कपडा मात्र ओढू नका. भाजलेल्या जागेवर सलग 20 मिनिटं साधं गार पाणी सोडा. पहिल्या काही मिनिटांत जमलं नसेल, तरी तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. बर्फ लावू नका, त्याने कातडीला आणखी इजा होते. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यांतलं काहीही लावू नका, जखमेत जंतू जातात आणि डॉक्टरांना ती नीट दिसत नाही. ते घेऊन येणारं माणूस मायेनेच आलेलं असतं, पण त्याला अडवताना भीड धरू नका. फोड फोडू नका. वर धुतलेलं सुती कापड सैलसर टाका. चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा जांघ भाजली असेल, फोड मुलाच्या तळहातापेक्षा मोठा असेल किंवा मूल अगदी लहान असेल, तर घरी थांबू नका. 108 ला फोन लावा, नाहीतर मिळेल त्या गाडीने खामगावचं सरकारी रुग्णालय गाठा.