इंग्रजीचे हेल ऐकताना

ब्रिटनमधल्या इस्पितळांत नोकरी करताना ग्लासगो, न्यूकॅसल, लिव्हरपूल अशा गावांत राहणं झालं. प्रत्येक गावचं इंग्रजी निराळं, आणि मला ते सगळंच आवडत गेलं. त्यातून जे उमगलं ते असं.

१. आपण शाळेत ज्याला 'बीबीसीचं इंग्रजी' म्हणायचो, ते इंग्लंडातही फार थोडे लोक बोलतात. ते मुळात दक्षिणेकडच्या वरच्या वर्गाचं आणि महागड्या निवासी शाळांचं. १९४१ साली बीबीसीने यॉर्कशायरच्या विल्फ्रेड पिकल्स यांना देशभराच्या बातम्या वाचायला बसवलं, तेव्हा त्यांच्या उत्तरेकडच्या हेलावर श्रोत्यांनी तक्रारी केल्या. आज त्याच बीबीसीवर स्कॉटिश, वेल्श, आयरिश आवाज रोज ऐकू येतात. याचा मला मनापासून आनंद आहे.

२. हेलात इतिहास मुरलेला असतो. न्यूकॅसलचे जुने लोक 'हाउस'ला 'हूस' आणि 'टाउन'ला 'टून' म्हणतात. लंडनच्या माणसाला ते गावंढळ वाटतं. पण काही शतकांपूर्वी इंग्रजीचे दीर्घ स्वर बदलत गेले, तेव्हा इंग्लंडच्या या ईशान्य भागाने जुना स्वर जपला. म्हणजे 'हूस' हाच उच्चार थोरला! लिव्हरपूलला 'बॅक'मधला क घशात घासून 'बॅख'सारखा निघतो. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडहून लोकांचे लोंढे या बंदरात उतरले, कित्येक तिथेच राहिले आणि गावच्या बोलण्यावर त्यांची छाप पडली. ग्लासगोची तर बातच वेगळी. लंडनकर 'कार'मधला र गिळतात, ग्लासगोकर तो खणखणीत वाजवतात. मराठी कानाला तो र ऐकून घरी आल्यासारखं वाटतं.

३. नवा हेल कानावर पडला की शब्द पकडायची घाई करू नये. आधी सूर ऐकावा. मी पेशंटला पहिल्यांदा हवापाण्याचं विचारते, त्याला चार वाक्यं बोलू देते. तेवढ्यात कान बसतो, मग दुखण्याचं नीट कळतं.

४. माया संबोधनात असते. न्यूकॅसलला अनोळखी बाईही 'पेट' म्हणते, यॉर्कशायरमध्ये 'लव्ह', स्टोक-डर्बीकडे 'डक', ग्लासगोत बायकांना 'हेन'.

५. परक्या मुलखातून आलेल्यांचा हेलही तितकाच देखणा. वॉर्डात केरळच्या, फिलिपिन्सच्या, नायजेरियाच्या नर्सेस एकमेकींशी इंग्रजी बोलतात, तेव्हा प्रत्येकीच्या बोलण्याला तिच्या मायबोलीची लय असते. डब्लिनकडची मंडळी 'थिंक' म्हणताना जीभ दातांना लावतात, म्हणून तो उच्चार आपल्या 'तिंक'च्या जवळ जातो. आपला ट आणि ड टाळूकडे वळलेल्या जिभेचा. तो लपवायचं काहीच कारण नाही.

६. हेल ही निष्ठाही असते. विल्यम लबॉव्ह या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर अभ्यास केला, तो १९६३ मध्ये छापून आला. उन्हाळी पाहुण्यांनी बेट भरून जायचं. ज्यांना तिथेच राहायचं होतं, त्यांच्या तोंडी बेटाचा जुना उच्चार जास्त ठळक आढळला. ज्यांना बाहेर पडायचं होतं, त्यांच्यात तो फिका. कुणाच्या उच्चाराला हसताना आपण त्याच्या माणसांना हसतो, हे मला त्यावरून पटलं.

७. समजेल असं बोलणं आणि नक्कल करणं यांत फरक आहे. समोरच्याला अडखळायला होतं ते बहुधा चुकीच्या अक्षरावर जोर दिल्यामुळे. 'डेव्हलप'मध्ये जोर पहिल्या नव्हे, दुसऱ्या अक्षरावर हवा: 'डिव्हेलप'. तो शिकावा, शिकवावा. पण मुलांना परका नाक-घसा उसना घ्यायला लावणाऱ्या वर्गांवर पैसे घालवू नका. त्यांना स्पष्ट, सावकाश बोलू द्या, आणि आठवड्यातून एकदा तरी एखादी ग्लासगोची नाहीतर लागोसची मुलाखत त्यांच्यासोबत बसून ऐका.