आजची रोकड व उद्याचा दाम

दिवाळीच्या सुमारास आदिलाबादच्या बाजार आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागू लागली, की पेढ्यांवर एक वाक्य हटकून ऐकू येते : 'शेतकऱ्यास दम नाही.' बारा टक्क्यांहून अधिक ओलाव्याचा कापूस भारतीय कापूस महामंडळ घेत नाही, आणि घेतलेल्या मालाचे पैसे काही दिवसांनी बँकेच्या खात्यात जमा होतात, हे शेतकरी जाणतो. तरीही ओला कापूस कमी भावाने रोखीत विकला जातोच. याचे कारण अज्ञान नव्हे, असे आमचे मत आहे.

आज १०० रुपये की आठवड्याने ११०, असे विचारल्यास पुष्कळ जण १०० घेतात. तीच निवड एक वर्षानंतरची ठेवली, तर तेच लोक आणखी आठवडाभर थांबून ११० पसंत करतात. आपल्या व्याजाच्या कोष्टकात आठवडा तो आठवडाच. मनाच्या वहीत मात्र हातातोंडाशी आलेल्या मोबदल्याचे मोल एकाएकी चढते. जॉर्ज एन्स्ली यांनी १९७५ मध्ये हा नियम मांडला. २००४ मध्ये मॅक्क्लुअर व त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले, की तात्काळ लाभ समोर असता मेंदूतील भावनेशी निगडित भाग अधिक चेतावतात. केबल व ग्लिमचर यांनी २००७ मध्ये मात्र, आजचा व उद्याचा लाभ मेंदू एकाच तराजूत तोलतो, असे प्रतिपादन केले. हा वाद आम्हांस उद्बोधक वाटतो. दोन्ही पक्षी जवळच्या लाभाचे पारडे जड होतेच.

त्यात चिंतेची भर. तामिळनाडूतील ४६४ ऊस-उत्पादकांची परीक्षा कापणीपूर्वी व कापणीनंतर घेतली असता, पैशाच्या तंगीच्या दिवसांत त्याच माणसांची विचारशक्ती मंदावलेली आढळली. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे वेचणीची मजुरी रोख द्यावी लागते, ती याच दिवसांत. (आपणही हुंडीची मुदत टळत असता पडत्या भावाने माल काढतोच की!)

नवकारसीचे पच्चक्खाण घेणारा श्रावक सूर्योदयानंतर ४८ मिनिटे अन्नपाणी घेत नाही. निश्चय आधीच झालेला असल्याने भुकेशी घासाघीस करावी लागत नाही. उचलीचा व्यवहारही पेरणीच्या वेळीच ठरवून, तिचा काही भाग वेचणीच्या मजुरीसाठी राखून ठेवला, तर कापूस वाळेपर्यंत थांबणे शेतकऱ्यास परवडेल. तसे करावयाचे, तर तो ठराव मृगापूर्वी व्हावयास हवा.