चौकातला घोडा आणि भिंतीवरचे चित्र

मुंबईच्या फोर्ट विभागात काळा घोडा नावाचा एक परिसर आहे. तेथे पूर्वी राजा सातवा एडवर्ड याचा अश्वारूढ पुतळा होता. १९६५ साली तो तेथून हलवून भायखळ्यास नेण्यात आला. घोडा गेला, स्वारही गेला. नाव मात्र लोकांच्या तोंडी तसेच राहिले. पुढे २०१७ साली त्याच परिसरात नवा घोडा उभा राहिला. शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडविलेल्या या घोड्याच्या पाठीवर कोणीही स्वार नाही. येणारेजाणारे त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात.

आता अशी कल्पना करा, की एखाद्याने या घोड्याचे छायाचित्र काढले, त्याची भेटकार्डे छापली आणि ती विकली. यासाठी त्याने शिल्पकाराची परवानगी घ्यावयास हवी होती काय? भारताच्या १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार कायद्याचे उत्तर आहे, ‘नाही.’ सार्वजनिक जागी कायमच्या उभारलेल्या शिल्पाचे चित्र किंवा छायाचित्र काढणे व ते प्रसिद्ध करणे, यास या कायद्याच्या ५२ व्या कलमाने मोकळीक दिली आहे. वास्तू आणि कलाकुसरीची कामे यांनाही अशीच सवलत आहे.

येथवर सारे सरळ आहे. खरी अडचण उभी राहते ती भिंतीपाशी.

वांद्रे येथे टेलिफोन निगमाच्या उंच इमारतीवर २०१४ साली चित्रकार रणजित दहिया यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने दादासाहेब फाळके यांचे भव्य चित्र रंगविले. असे चित्रही उघड्यावर असते आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण ते फुकट पाहतो. तेव्हा घोड्याला लागू होणारा नियम त्यालाही लागू होईल, असे कोणासही वाटेल. परंतु त्या सवलतीत शिल्पाचा उल्लेख आहे, रंगविलेल्या चित्राचा नाही! चित्रपटात असे भित्तिचित्र दाखविता येते. छापील छायाचित्राला मात्र कलमाच्या शब्दांतून ती मोकळीक मिळत नाही. दोन्ही कलाकृती एकाच आभाळाखाली असताना हा पंक्तिप्रपंच कशासाठी, असा प्रश्न शहाण्या माणसासही पडावा.

म्हणून भिंतीसमोर कॅमेरा धरूच नये की काय? तसे मुळीच नव्हे. स्वतःच्या उपयोगासाठी, अभ्यासासाठी, कलेच्या परीक्षणासाठी किंवा चालू घटनांचे वृत्त देण्यासाठी कलाकृतीचा रास्त वापर करण्यास कायदा आडकाठी करीत नाही. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली प्रतही क्षम्य आहे. ‘रास्त’ म्हणजे किती, याचे माप कायद्याने दिलेले नाही. वापराचा हेतू काय, मूळ कृतीचा किती भाग घेतला आणि त्यामुळे कलावंताच्या मिळकतीवर घाला पडला काय, हे न्यायालय पाहते.

मुंबईतील ‘ह्यूमॅनिटी’ नावाच्या भित्तिचित्राबाबत असाच वाद उद्भवला. एका विमा कंपनीच्या जाहिरातफलकावर ते चित्र झळकले. चित्राशी संबंधित कलासंस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. हा फलक म्हणजे जाहिरातच असून त्यात कलाकृतीची नक्कल आहे, असे मत न्यायालयाने २०२३ साली सकृद्दर्शनी नोंदविले आणि आंतरजालावरील त्या जाहिराती काढून टाकण्याचा अंतरिम आदेश दिला. रस्त्यावरचे चित्र पाहण्यास पैसे पडत नाहीत. पण त्याच्या आधारे माल खपविणाऱ्याला पैसे मिळतात. परांचीवर उन्हातान्हात उभे राहून रंग लावणाऱ्याच्या पदरी मग काय पडावे?

हक्क नेहमी भिंतीच्या मालकाचाच असतो, असेही नाही. मोबदला देऊन चित्र काढवून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास तो हक्क काढवून घेणाऱ्याकडे जातो. तथापि ही कृती आपली आहे, असे सांगण्याचा चित्रकाराचा अधिकार त्यानंतरही त्याच्याकडेच राहतो.

एका शाळेच्या हस्तलिखितासाठी एका मुलीने गल्लीतील भित्तिचित्राचे छायाचित्र काढले आहे, असे समजा. लेख चित्राच्या रंगसंगतीवर आहे. तेव्हा वापर रास्त आहे. पण चित्रकाराचे नाव भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात आहे आणि त्या कोपऱ्यापुढे भाजीची हातगाडी उभी होती, म्हणून ते छायाचित्रात आलेले नाही. पावसाळ्यात त्या भिंतीचे पोपडे निघू लागतील. कदाचित पुढच्या वर्षी तिच्यावर चुना फिरेल. चित्रावरील हक्क मात्र चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकणारा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, हातगाडी येण्यापूर्वीच, ती मुलगी वही घेऊन पुन्हा त्या भिंतीपाशी जाते आणि कोपऱ्यातील नाव उतरवून घेते.