आईकडून काय काय येतं?

प्रश्न : आईला ६२व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला, मावशीला तर ४१व्याच. आजी (आईची आई) तोंडाच्या कर्करोगाने गेली. ती मिश्री लावायची. शेजारपाजारचे म्हणतात, हे तुमच्या रक्तातच आहे. आमचे हे म्हणतात, रक्ताबिक्ताचं काही नाही, रात्री कारखान्यांच्या बाजूने उग्र वास येतो त्याचा हा परिणाम. कुणाचं खरं धरू? माझं वय ३५.
— एक वाचक, कुळगाव

उत्तर : ताई, आजींची मिश्री तुम्ही कंसात टाकलीत, पण मी तिथूनच सुरुवात करते.

तंबाखू तव्यावर काळी पडेस्तोवर भाजायची, चुरडून डबीत भरायची, सकाळी चिमूटभर बोटावर घेऊन हिरड्यांना घासायची आणि चहा उकळेपर्यंत ओठाआड तशीच राहू द्यायची. कर्करोग घडवणारी रसायनं तंबाखूत मुळातच असतात, भाजल्यावर काजळीतल्या रसायनांची त्यात भर पडते. ही डबी सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे जाते. मग दोन-तीन पिढ्यांत तोंडाचा कर्करोग दिसला की लोक म्हणतात, घराण्यातच आहे. घराण्यात असते ती डबी.

असाच चकवा शास्त्रज्ञांनाही पडला होता. उंदरांच्या काही जातींत माद्यांना पिढ्यानपिढ्या स्तनाचा कर्करोग व्हायचा. वाटायचं, आनुवंशिकच. १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवलं की अशा मादीची पिल्लं जन्मताच दुसऱ्या, निरोगी जातीच्या मादीला पाजायला दिली तर बहुतेक वाचतात. रोग दुधातून येत होता. पुढे कळलं की तो विषाणू. (माणसांत असं काही सिद्ध झालेलं नाही. उलट अंगावर पाजल्याने आईचाच धोका कमी होतो, तेव्हा घाबरू नका.) हाच धागा पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या प्रयोगशाळेत पुढे नेला. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू ही तिन्ही त्यांनी उंदरांमध्ये एकत्र अभ्यासली. मला त्यांचा हा आग्रह फार मोलाचा वाटतो, कारण आपण अजूनही ‘हे की ते’ असंच विचारतो. त्यांचे गुरू डॉ. वसंत खानोलकर यांनी तर १९४५ मध्येच, धोतर कंबरेला वर्षानुवर्षं काचून त्याच जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. म्हणजे मिश्रीसारखंच, कारण रक्तात नव्हे, सवयीत.

आता मावशी. तिथे रक्ताचा संशय खरोखर घ्यायला हवा. पेशी दुभंगताना जनुकांत चुका होतात. धूर, रसायनं, ऊन त्यात भर घालतात. बहुतेक चुका पेशी स्वतःच रफू करते. हे रफू करणाऱ्या जनुकांपैकी दोन, बीआरसीए १ आणि बीआरसीए २, १९९४ आणि १९९५ मध्ये सापडली. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. दाराला वर-खाली दोन कड्या असाव्यात तसं. एक कडी जन्मतःच मोडकी आली तर दार लगेच उघडत नाही, पण उरलेली एक निखळायचाच अवकाश. अशा बायकांपैकी दहातल्या साधारण सात जणींना ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो, आणि तो बरेचदा तरुण वयात. तरी एकूण कर्करोगांत असा जन्मजात वारसा शंभरात पाच ते दहाच. बाकीच्यांत दोन्ही कड्या आयुष्यभरात, हळूहळू झिजतात. आईंचा आजार ६२व्या वर्षीचा. तो यातला असेलही, नसेलही.

तुमचे यजमानही पूर्ण चुकीचे नाहीत. बाहेरची प्रदूषित हवा कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१३ मध्ये जाहीर केलं, पण तो पुरावा मुख्यतः फुप्फुसाचा. आणि नाकावर भिस्त ठेवू नका. कुजक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे, कर्करोगकारक मात्र ठरलेला नाही. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीला वासच नसतो. सगळ्यात जास्त झळ लागते ती आत काम करणाऱ्याला. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे जर्मनीत १८९५ मध्येच लक्षात आलं होतं. रात्रीच्या वासाची तक्रार जरूर करा, डोळे आणि छाती त्याने बिघडतातच. मावशींच्या आजाराचं कारण म्हणून मात्र मी तिकडे आधी बोट दाखवणार नाही.

तुम्ही लगेच स्वतःची जनुकचाचणी करू नका. पहिली चाचणी आजारी पडलेल्या व्यक्तीची करतात, म्हणजे शक्य असेल तर मावशींची. त्यांचा बायोप्सीचा जुना कागद शोधा, घरात कुणाला, कितव्या वर्षी, कुठला कर्करोग झाला ते एका पानावर लिहा आणि परळच्या टाटा रुग्णालयात आनुवंशिक सल्ल्यासाठी दाखवा. वडिलांकडची बाजूही लिहा. मामा असतील तर त्यांनाही विचारा. हे बिघडलेलं जनुक पुरुषाकडूनही निम्म्या शक्यतेने पुढे जातं, आणि मामांच्या लेकींना ते बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.