अस्थानी आनंद

प्रस्तावना

एखाद्याला अतिशय आनंद झाला की 'त्याला हर्षवायू झाला' असे मराठीत सहज म्हटले जाते. बोलणाऱ्याचा हेतू बहुधा थट्टेचा असतो. परंतु या शब्दात एक मार्मिक निरीक्षण दडलेले आहे. 'हर्ष' ही भावना आहे, तर 'वायू' हा आयुर्वेदाच्या परिभाषेत अनेक विकारांचे मूळ मानलेला दोष आहे. दुःखाप्रमाणे आनंदही विकाराचे रूप धारण करू शकतो, हे या शब्दाने पूर्वीच मान्य केले आहे. आधुनिक वैद्यक अशा आनंदाला 'युफोरिया' म्हणते. या पाठात त्यासाठी 'अतिहर्ष' हा शब्द योजला आहे. वेदना होणारा माणूस स्वतःहून डॉक्टरांकडे जातो. अतिहर्ष झालेला माणूस मात्र कसलीच तक्रार करीत नाही. मग त्याचा आजार ओळखायचा कसा? या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत पाठात शोधले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• स्वाभाविक आनंद आणि अतिहर्ष यांतील फरक स्पष्ट करणे.
• अतिहर्षामागील विविध शारीरिक व मानसिक कारणे सांगणे.
• डॉक्टर या लक्षणाची तपासणी कशी करतात, याचे वर्णन करणे.
• वैद्यकीय विषयावरील मराठी शब्दसंपत्तीचा योग्य वापर करणे.

मूळ पाठ

१. आकाशातील तीन प्रवासी

१५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून 'झेनिथ' नावाचा वायुफुगा आकाशात झेपावला. त्यात गास्तां तिसांदिए, जोसेफ क्रोसे-स्पिनेली आणि थिओडोर सिव्हेल हे तीन संशोधक होते. अतिउंचीवरील हवेचा अभ्यास करणे हा त्यांचा हेतू होता. विरळ हवेचा धोका त्यांना ठाऊक होता, म्हणून प्राणवायू मिसळलेल्या हवेच्या पिशव्या त्यांनी सोबत घेतल्या होत्या. सात हजार मीटरांच्या वर गेल्यावरही त्यांनी आणखी उंच जाण्यासाठी फुग्याला बांधलेले वजन तोडून टाकले. थोड्याच वेळात तिघेही बेशुद्ध झाले. फुगा जमिनीवर उतरला तेव्हा एकटे तिसांदिए जिवंत होते. त्यांची श्रवणशक्ती मात्र कायमची अधू झाली.

तिसांदिए यांनी पुढे या प्रवासाचे वर्णन लिहिले. त्यातील सर्वांत विलक्षण गोष्ट अशी, की त्या उंचीवर त्यांना कसलाही त्रास जाणवला नव्हता. उलट आतून एक प्रकारचा आनंद दाटून आला होता, संकटाची जाणीव पुसली गेली होती आणि वर जात राहावे एवढेच वाटत होते. प्राणवायूची नळी हाताशी होती, पण ती उचलण्याचे बळ उरले नव्हते. मेंदूला प्राणवायू अपुरा पडत होता आणि त्या उपासमारीचे लक्षण म्हणून आनंद प्रकट झाला होता. वेदना झाली असती, तर कदाचित ते वेळीच सावध झाले असते. आनंदाने त्यांना सावध होऊ दिले नाही. अतिहर्षाचा धोका नेमका येथेच आहे.

२. शब्दाचा प्रवास

'युफोरिया' हा शब्द ग्रीक भाषेतून आला आहे. त्यात 'चांगले' आणि 'वाहणे' किंवा 'सोसणे' अशा अर्थांचे दोन घटक आहेत. आजार नीट सोसला जात असून रुग्णाला बरे वाटत आहे, असा त्याचा जुन्या वैद्यकातील अर्थ होता. म्हणजे एके काळी हे शुभचिन्ह होते. पुढे डॉक्टरांच्या ध्यानात आले, की काही रुग्णांना बरे वाटते, पण ते बरे झालेले नसतात. आणि तोच शब्द शंकेचे चिन्ह बनला.

पॅरिसमधील मज्जातंतुतज्ज्ञ झां-मार्तां शार्को यांनी १८६८ मध्ये मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंचे आवरण झिजवणाऱ्या एका रोगाचे सविस्तर वर्णन केले. 'मल्टिपल स्क्लेरॉसिस' या नावाने तो आज ओळखला जातो. त्याच्या काही रुग्णांत विनाकारण हसू येते, असे त्यांनी नोंदवले होते. १९२६ मध्ये कॉट्रेल आणि विल्सन या डॉक्टरांनी याच रोगाच्या शंभर रुग्णांची पाहणी केली, तेव्हा त्रेसष्ट जणांत त्यांना अतिहर्ष आढळला. हातपाय निकामी होत असताना हे रुग्ण प्रसन्न होते. नंतरच्या अभ्यासांत हे प्रमाण बरेच कमी आढळले. अशा प्रसन्नतेचा संबंध बहुधा मेंदूच्या पुढील भागाला झालेल्या इजेशी असतो, हेही स्पष्ट झाले. ते धैर्य नव्हते. स्वतःची स्थिती जाणण्याची शक्तीच क्षीण झाली होती.

भारतीय वैद्यकालाही हे निरीक्षण अपरिचित नव्हते. चरकसंहितेत वातज उन्मादाची लक्षणे सांगताना हसणे, गाणे आणि नाचणे यांचा उल्लेख येतो. मात्र या क्रिया 'अस्थानी' घडल्या, तरच त्या लक्षण ठरतात, ही त्यातील महत्त्वाची अट आहे. हसणे हा रोग नव्हे. भलत्या ठिकाणी, भलत्या वेळी हसणे हे रोगाचे चिन्ह होय.

३. डॉक्टर काय विचारतात?

समजा, पन्नाशीतील एक शिक्षक पत्नीसह डॉक्टरांकडे आले आहेत. त्वचेच्या गंभीर विकारासाठी दहा दिवसांपूर्वी त्यांना स्टेरॉइड गटातील औषध मोठ्या मात्रेत सुरू केले आहे.

"गुरुजी, गेल्या आठवड्यात मनाला कसे वाटत होते?"

"डॉक्टर, इतके छान आयुष्यात कधी वाटले नव्हते!"

"काही आनंदाची गोष्ट घडली का?"

"घडायला कशाला हवी? सगळेच छान आहे!"

डॉक्टर त्यांच्या पत्नीकडे वळतात. "वहिनी, यांचा स्वभाव पूर्वीपासून असाच आहे का?"

"नाही हो. हे मुळात फार कमी बोलतात. आता रात्री दोन-तीन तास झोपतात आणि पहाटेच सगळ्या नातेवाइकांना फोन करतात. गावची जमीन विकून शाळा काढायची म्हणून काल कुणाला तरी विसार मागून बसले."

या छोट्या संवादात तपासणीची सारी मुख्य सूत्रे आली आहेत. रुग्ण स्वतः जे सांगतो, ती त्याची 'मनोदशा' होय. चेहरा, आवाज, हालचाली यांतून डॉक्टरांना जे दिसते, तो 'भावाविष्कार' होय. या दोहोंची नोंद वेगवेगळी केली जाते, कारण त्यांचा मेळ बसतोच असे नाही. त्यानंतर डॉक्टर चार गोष्टी पडताळतात. आनंदाला कारण आहे काय? तो प्रसंगाला साजेसा आहे काय? तो किती दिवस टिकला आहे? आणि माणसाच्या मूळ स्वभावापेक्षा तो निराळा आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा रुग्णाकडून मिळत नाही. ते घरच्यांकडून मिळवावे लागते.

झोपेचा प्रश्न विशेष महत्त्वाचा असतो. चिंतेमुळे झोप न लागलेला माणूस सकाळी थकलेला दिसतो. अतिहर्ष झालेल्याला मात्र तीन तासांची झोप पुरते आणि तरीही तो ताजातवाना असतो. वाढलेली बडबड, एका विचारावरून दुसऱ्यावर उडी मारणारे मन, स्वतःच्या सामर्थ्याविषयी अवास्तव कल्पना आणि पैशांचा बेदरकार व्यवहार ही लक्षणे सोबत असतील, तर डॉक्टर 'उन्माद' या विकाराचा विचार करतात. अमेरिकी निदान-नियमावलीनुसार अशी स्थिती किमान एक आठवडा टिकावी लागते. रुग्णाला त्याआधीच रुग्णालयात दाखल करावे लागले, तर मुदतीची अट राहत नाही.

लक्षणांची तीव्रता मोजण्यासाठी १९७८ मध्ये 'यंग उन्माद मापनश्रेणी' तयार करण्यात आली. तिच्यात ११ मुद्दे असून एकूण गुण ० ते ६० असतात. पहिलाच मुद्दा उंचावलेल्या मनोदशेचा आहे. त्यात शून्य म्हणजे अशी मनोदशा नसणे, तर चार म्हणजे अस्थानी हसणे, गाणे यांपर्यंत गेलेला अतिहर्ष होय. चरकसंहितेतील निरीक्षण आणि ही मापनश्रेणी यांत शतकांचे अंतर आहे, तरी दोहोंची कसोटी एकच आहे.

४. कारणांचा शोध

अतिहर्ष हे लक्षण आहे. तो स्वतः निदान नव्हे. त्यामुळे डॉक्टर प्रथम चालू औषधांची यादी पाहतात. स्टेरॉइड औषधांचा मनावर होणारा परिणाम मात्रेनुसार वाढतो. बॉस्टन येथे झालेल्या औषध-निरीक्षणाचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार दररोज ४० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी प्रेडनिसोन घेणाऱ्यांपैकी १.३ टक्के रुग्णांत मानसिक लक्षणे दिसली, तर ८० मिलिग्रॅमहून अधिक घेणाऱ्यांत हे प्रमाण १८.४ टक्के होते. वरील उदाहरणातील शिक्षकांच्या आनंदाचा उगम बहुधा येथेच असावा. तथापि असे औषध रुग्णाने किंवा घरच्यांनी एकाएकी बंद करणे घातक ठरू शकते. मात्रा कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा लागतो.

याखेरीज मद्य व अन्य मादक पदार्थ, थायरॉइड ग्रंथीचा अतिरेकी स्राव, मेंदूच्या पुढील भागातील गाठ, अपस्माराचे काही प्रकार यांमुळेही अतिहर्ष संभवतो. अपस्माराचा झटका येण्यापूर्वीच्या अलौकिक आनंदाचे चित्रण रशियन कादंबरीकार दस्तयेवस्की यांनी 'इडियट' या कादंबरीत केले आहे. ते स्वतः अपस्माराचे रुग्ण होते. म्हणून डॉक्टर रक्ततपासणी करतात आणि गरजेनुसार मेंदूची प्रतिमा घेतात. उतारवयात पहिल्यांदाच असे लक्षण दिसले, तर शारीरिक कारणाचा शोध अधिक कसून घेतला जातो.

आनंदाकडे लक्षण म्हणून पाहिल्याने काही वेळा नवे ज्ञानही लाभले आहे. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे औषध देण्यात आले, तेव्हा रुग्ण कमालीचे उत्साही झाले. हा उत्साह औषधाचाच परिणाम असावा, हे जाणून पुढे नैराश्यावर त्याचा प्रयोग झाला. यकृताला अपाय होत असल्याने ते औषध मागे पडले. परंतु नैराश्यावरील आधुनिक औषधांचा मार्ग त्यातून खुला झाला.

५. आनंदाचा सन्मान

या विवेचनावरून प्रत्येक आनंदाकडे संशयाने पाहावे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कीर्तनात देहभान विसरून नाचणारा वारकरी किंवा नवरात्रात रात्रभर गरबा खेळणारी तरुणी आजारी नसते. त्यांच्या आनंदाला स्थान आहे, काळ आहे, सोबत आहे. उत्सव संपला की ती मंडळी झोपतात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागतात. रुग्णाला मात्र असे परतणे आपल्या इच्छेने साधत नाही.

म्हणूनच रुग्णाशी बोलताना त्याच्या आनंदाची चेष्टा करणे अथवा त्याच्याशी वाद घालणे टाळावे लागते. 'मला काहीही झालेले नाही' हे त्याचे म्हणणे प्रामाणिक असते. आनंद ओसरल्यावर विकलेली जमीन, दुखावलेली माणसे आणि गमावलेली पत यांचा हिशेब त्यालाच द्यावा लागतो. भारतात २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. आपल्यावर पुढे कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत, हे प्रौढ व्यक्तीने आगाऊ लिहून ठेवण्याची तरतूद त्यात आहे. मन स्थिर असताना घेतलेला निर्णय मन अस्थिर झाल्यावर आधाराला यावा, हा त्यामागील विचार आहे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रुग्ण व कुटुंबीय विनामूल्य सल्ला घेऊ शकतात.

झेनिथमधील प्रवाशांना सावध करणारा चौथा कोणी नव्हता. रुग्णाच्या बाबतीत हे काम जवळच्या माणसांना करता येते. त्याच्या हसण्यातील बदल ओळखून त्याला वेळीच डॉक्टरांकडे नेणे, हीच त्याच्या आनंदाची खरी काळजी होय.

शब्दार्थ

अस्थानी – भलत्या ठिकाणी, अयोग्य प्रसंगी
भावाविष्कार – भावनेचे बाहेर दिसणारे रूप
अपस्मार – फेफरे, मिरगी
विसार – व्यवहार पक्का करण्यासाठी आगाऊ दिलेली रक्कम
पत – लोकांचा विश्वास, प्रतिष्ठा

तुम्ही काय शिकलात?

• अतिहर्ष हे लक्षण आहे, निदान नव्हे.
• कारण, प्रसंग, कालावधी आणि मूळ स्वभाव या चार कसोट्यांवर डॉक्टर आनंदाची पारख करतात.
• रुग्ण तक्रार करीत नसल्याने कुटुंबीयांनी दिलेली माहिती महत्त्वाची ठरते.

स्वाध्याय

१. 'आनंदाने त्यांना सावध होऊ दिले नाही', या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. 'मनोदशा' आणि 'भावाविष्कार' यांतील फरक लिहा.
३. शिक्षकांच्या पत्नीने दिलेल्या माहितीतून डॉक्टरांना कोणती लक्षणे समजली?
४. वारकऱ्याचा आनंद आणि रुग्णाचा अतिहर्ष यांची तुलना तुमच्या शब्दांत करा.
५. 'आनंदाला उधाण येणे', 'हर्ष गगनात न मावणे' या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा. तुमच्या परिसरातील भाषेत याच अर्थाचा वाक्प्रचार असल्यास तो लिहून त्याचा मराठीत अर्थ सांगा.